अक्काच्या कपाटाची वाहतूक

माणसानं हौस असेल तर स्वतःचं घर दरवर्षी बदलावं, पण दुसऱ्याचं घर हलवायच्या भानगडीत पडू नये. हे मी ऐकीव सांगत नाही. या भानगडीत माझा एक बूट कृष्णामाईला गेला, उजवा खांदा थंडी पडली की अजून बोलतो, आणि सरकारी कचेरीत उभा जन्म घालवून कमावलेला रुबाब बेटवाडीच्या बंधाऱ्यावर म्हशींच्या देखत उतरला. बाकीचं जे गेलं ते शेवटी सांगतो, कारण त्याला विनोदाची बाजू मला अजून सापडलेली नाही.

नीलम्मा माझी थोरली बहीण. आमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि ती धाकट्या भावाला तम्मा. मी हेडक्लार्क झालो, साहेबलोक मला मृत्युंजयराव म्हणायला लागले, शिपाई मी दिसल्यावर विडी विझवायला लागले, तरी अक्काच्या लेखी मी तम्माच राहिलो. ती बेटवाडीत एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि घर म्हणजे मातीच्या भिंती, वर कौलं आणि आत एक सागवानी कपाट. हे कपाट तिच्या लग्नात आमच्या वडिलांनी दिलेलं. त्याच्या दाराला माणूसभर उंचीचा आरसा होता.

बेटवाडी नृसिंहवाडीच्या पुढं आहे. नदी तिला तीन बाजूंनी वळसा घालते. चौथ्या बाजूनं रस्ता होता, पण दोन हजार पाच सालच्या महापुरात त्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली. नवीन मोरी मंजूर आहे असं सगळे सांगतात. मी सरकारी माणूस असल्यामुळं मंजूर आहे म्हणजे काय ते मला कळतं. त्यामुळं गावात जायला उरला तो बंधारा. पाणी अडवायला बांधलेला, माथ्यावर एक मोटारसायकल आणि एक धीराचा माणूस जाईल एवढी वाट, आणि कठडा नाही.

त्याच महापुरात अक्का शाळेच्या माडीवर गावाबरोबर अडकून पडली होती आणि मी कोल्हापुरात टीव्हीपुढं. बातम्यांत नुसतं पाणी दाखवायचे. फोन लागत नव्हता. बायको ताट वाढून समोर ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. पाणी उतरल्यावर मी चिखल तुडवत गेलो, तर अक्का पडलेल्या भिंतीतली माती पाटीत भरत होती. मला बघून म्हणाली, वाळलास की रं तम्मा. त्या दिवशी मी ठरवलं की पुढचा पावसाळा हिला इथं काढू द्यायचा नाही.

ठरवणं माझ्या हातात होतं, अक्का नव्हती. पाणी येतंय तसं जातंय, हे तिचं एकच उत्तर. पाडव्याला मी गेलो, जेवलो आणि उठलोच नाही, बसून राहिलो. शेवटी तिनं हात टेकले.

"येते. पण एकदा हितनं उठले की ह्या गावात मला कोण रं, तम्मा? परत यायचं म्हटलं तर कुठल्या तोंडानं यायचं?"

मी म्हटलं, तुझंच गाव आहे, वाटेल तेव्हा ये. ती म्हणाली, पावणी म्हणून व्हय? यावर मी काहीतरी बोललो असेन, पण ते उत्तर नव्हतं हे मला तेव्हाही कळलं होतं. तिची अट मात्र सरळ होती. येईन तर सगळं सामान घेऊन येईन, कपाटासकट.

आमच्या शेजारी गणपतराव राहतात. ते निवृत्त आहेत, पण सल्ल्यातून नाहीत. त्यांनी जिन्यात अडवून बजावलं की खेड्यातली माणसं गोड बोलतात आणि सामान खाली ठेवल्यावर दर सांगतात, तेव्हा आधी दर ठरवा, मगच कपाटाला हात लावू द्या. मला ते पटलं. कचेरीत खराटा घ्यायचा तरी आम्ही तीन दरपत्रकं मागवतो. तेव्हा बेटवाडीत जाऊन मी हमालांची चौकशी सुरू केली.

पारावर बसलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले. हमाल बाजारात असत्यात, पावणं, असं एकानं मला समजावलं. दुसऱ्यानं सांगितलं, केरबाला विचारा. मला तीन दर हवे होते, म्हणून मी दूध डेअरीत विचारलं, तिथंही केरबा. पिठाच्या गिरणीत विचारलं, तर पीठ झाडत जो माणूस पुढं आला तोच केरबा. धिप्पाड, आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा, आणि ठाम चुकीचं बोलण्यात पटाईत. कपाट तेवढं कितीसं जड असतंय, असं त्यानं कपाट न बघताच सांगून टाकलं.

मी दर विचारला. तो म्हणाला, "अक्काचा पैरा हाय आमच्याकडं. बघूया की."

पैरा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात राब. पैशाचं नाव नाही, कामाची फेड कामानं. पण कपाटाचा आणि रानाचा काय संबंध? गणपतरावांनी सांगितलेलं गोड बोलणं ते हेच, अशी माझी खात्री झाली. मी पुन्हा दर विचारला. केरबा पुन्हा म्हणाला, बघूया की. कोल्हापूरकडचा माणूस बघूया की म्हणाला की त्याच्यापुढं कायदाही चालत नाही.

मग दिवस ठरवणं आलं. टेंपोवाला रविवारी लग्नाच्या वऱ्हाडात अडकलेला, म्हणून मी सोमवारची रजा टाकली. टेंपो बंधाऱ्याच्या कोल्हापूरकडच्या टोकाला थांबणार होता. घरापासून बंधाऱ्यापर्यंत उसातून काळ्या मातीची वाट आहे, तिथवर बैलगाडी करावी आणि फक्त बंधारा माणसांनी पार करावा, अशी माझी योजना होती. मी ती कागदावर आखून अक्काला दाखवली. तिनं कागद उलटा धरून बघितला आणि विचारलं, सोमवारी?

सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्या जातीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी कपाळाला विभूती लावून कचेरीत जातो, लोकांना वचनं ऐकवतो, आणि मीच बैलांना सोमवारी जुंपायला निघालो होतो. अक्का नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि ते बोलण्याहून जास्त झोंबलं. गाडी रद्द झाली. सगळं खांद्यावर आलं.

बंधाऱ्याच्या खात्याची परवानगी काढावी असं माझ्याच डोक्यात आलं, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. त्या कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं की साहेब साइटवर गेलेत. हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय त्याची गणती नाही, पण टेबलाच्या या बाजूनं ते प्रथमच ऐकत होतो, आणि ते किती वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या खेपेला कळलं की बंधाऱ्यावरून घरगुती सामान नेण्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही. तिसऱ्या खेपेला त्या भल्या माणसानं तोडगा काढला. तुम्ही न्या, फक्त आम्हाला माहीत नाही असं समजून न्या, असं तो म्हणाला.

रेशनकार्डाचं वेगळंच. कोल्हापुरात नाव घालायचं तर गावात नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो मिळाला, एका खेपेत मिळाला, आणि सबंध प्रकरणात सुरळीत पार पडलेलं एवढं एकच काम. अक्कानं मला तो मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितला. नाव कमी करण्यात आले आहे, हे ऐकल्यावर ती चुलीपुढं जाऊन बसली आणि विझलेला जाळ फुंकत राहिली.

सोमवारी मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. मी केरबाला चार-पाच जण सांगितले होते. इथं अर्धा गाव जमलेला. इतक्यांची हमाली कशी भागवायची या विचारानं मी पुन्हा एकदा दर विचारला. कुणी ऐकलंच नाही. बायकांनी एकेक वस्तू उचलली आणि चालायला लागल्या. केरबाची आई धोंडुबाई लोणच्याची बरणी कडेवर घेऊन निघाली. एका म्हातारीनं नुसती रवी घेतली होती. मी तिला म्हटलं, आजी, ही पिशवीत जाईल की. तिनं रवी छातीशी धरली आणि चालू लागली.

कपाटाला दोन बांबू बांधले. बांबू कसे बांधावेत यावर तिथं जितकी माणसं होती तितकी मतं होती. केरबाचं मत चुकीचं असूनही आवाजाच्या जोरावर तेच टिकलं. परिणाम असा झाला की उसाच्या वाटेवर दोर सरकला, कपाटाचं दार उघडलं, आणि मागून चालणाऱ्या मला अचानक आरशात एक घामेजलेला, चिखलानं माखलेला, केविलवाणा माणूस दिसला. हा कोण, असं मनात येऊन गेलं. मग त्याच्या खिशाला माझं पेन दिसलं.

बंधाऱ्याच्या मध्यावर आलो तेव्हा समोरून जोतीराम आला. हा दूधवाला. मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना रिकाम्या किटल्या, आणि तो गावात दूध गोळा करायला निघालेला. त्याला वळता येईना, आम्हाला मागं सरता येईना. केरबानं ओरडून सांगितलं की सगळे मागं फिरा. मागं बघतो तर गावच्या म्हशी पाण्यावर निघालेल्या, बंधाऱ्यावर चढलेल्या. पुढं दूधवाला, मागं म्हशी, आणि मध्ये आम्ही, आमचं कपाट आणि दोन्ही बाजूंना नदी.

पुष्कळ चर्चा झाली. जोतीरामचं म्हणणं, म्हशी थांबणार न्हाईत. केरबाचं म्हणणं, कपाट बी थांबणार न्हाय. शेवटी कपाटाखालची पुढची माणसं बाहेर निघाली, त्यांनी मोटारसायकल मागच्या चाकावर उभी केली आणि जागच्या जागी फिरवली. पण ती माणसं निघाली म्हणजे त्यांच्या जागी कुणीतरी हवं.

"पावणं, जरा खांदा द्या," केरबा म्हणाला.

मी दिला. कोल्हापूरकडचा जरा किती लांब असतो हे मी तेव्हा शिकलो. पहिल्या म्हशीनं माझ्या पाठीला नाक लावलं. मी दचकलो, पाय निसटला, आणि उजव्या पायातला बूट बंधाऱ्यावरून खाली गेला. तो नवा होता. पाण्यावर थोडा वेळ तरंगला, मग त्यानं विचार बदलला. बायका हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हशीकडं मात्र मी बघितलं नाही.

एका पायानं लंगडत मी पलीकडं पोचलो. टेंपो भरला, कपाट सगळ्यात शेवटी चढवलं, दोर आवळले. अक्का टेंपोवाल्याशेजारी आधीच बसली होती, मांडीवर देवाची पेटी घेऊन.  मी शर्ट झटकला, चेहरा गंभीर केला आणि खिशातून पैसे घातलेलं पाकीट काढून केरबापुढं धरलं.

"हे काय?"

"हमाली," मी म्हटलं. "मोजून घ्या. कमी वाटली तर सांगा."

 केरबाचा आवाज मी तोवर कधी बारीक झालेला ऐकला नव्हता.

"अक्काचं सामान हमालीनं जातंय व्हय, पावणं? आमच्या आईचा पाय मोडलाता तवा आमच्या म्हशीच्या धारा कोण काढत हुतं? ह्या गावात एक घर दावा, जितं उन्हाळ्यात शेवयाच्या पाटावर अक्का बसली न्हाय. पापडाला अक्का, बाळंतिणीला अक्का. पैसं घेतलं हुतं व्हय तिनं? आज आमी फेडलं. फिटला पैरा."

 पाकीट तसंच हातात राहिलं. तेवढ्यात टेंपोचं दार वाजलं. अक्का खाली उतरली होती.

"केरबा, पैसं घे," ती म्हणाली.

 मी अक्काकडं बघितलं, धोंडुबाईनं अक्काकडं बघितलं.

"घे म्हणते नव्हं? पैसं घेतलंस तर माझा पैरा तुमच्यावर ऱ्हातोय. आज सगळ्यांनी फेडलं, मोकळं झालासा. मग मी गावात कशाच्या नावानं यायची? लग्नाकार्याला, पानसुपारी खाऊन जायला? माझं काय तर गावाकडं येणं ऱ्हायलं पायजे की रं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती भांडत होती, आणि मला तर ते डोळ्यांतल्या पाण्याहून अवघड गेलं. पाडव्याला तिनं मला हेच विचारलं होतं. मी उत्तरादाखल टेंपो ठरवला होता.

केरबानं मान खाली घातली. अक्काकडनं पैसं घेऊन गेलो तर आई उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाय, असं तो पुटपुटला. धोंडुबाईनं न्हाय घेणार म्हणून मान हलवली. पैसे घेता येईनात आणि फिटलं म्हणता येईना. टेंपोवाल्यानं उगीचच हॉर्न वाजवला.

अक्कानं टेंपोकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मग कपाट परत न्या."

"आँ?"

"काम अर्धं ऱ्हायलं म्हंजे पैरा फिटला न्हाय. तुज्या घरात म्होरल्या सोप्यात ठीव. पुढं कवातर नेऊया म्हणायचं."

केरबानं कपाटाकडं बघितलं, मग बंधाऱ्याकडं, मग माथ्यावरच्या उन्हाकडं. त्यानं अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "पाटा न्हेला तर चालंल का, अक्का? न्हायतर जातं?"

"पाटा कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय? कपाटच."

दोर सुटले. कपाट खाली आलं. आणि एक गोष्ट मी पाहिली, ती सांगितली तर खोटी वाटेल. इतक्या उन्हात, इतकं जड ओझं परत न्यायचं म्हटल्यावर त्या माणसांची तोंडं उतरायला हवी होती, तर ती उलट खुलली. बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. म्हातारीनं रवी टेंपोत ठेवली होती, ती परत काढून घेतली. केरबानं आवाज पूर्ववत केला आणि मला म्हणाला, या पावणं, तुम्ही बी लागा, तुमचाबी एक पैरा पडू दे गावावर.

मी दुसरा बूटही काढला आणि खांदा दिला. जे कपाट आणण्यासाठी मी रजा, योजना, अर्ज आणि अब्रू खर्च केली होती, तेच कपाट मी अनवाणी त्याच बंधाऱ्यावरून परत नेलं. गणपतरावांना मी हे कधीही सांगितलं नाही. कपाट का आलं नाही असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, दर जमला नाही.

अक्का आमच्या तिसऱ्या मजल्यावर रमली असं म्हणवत नाही. गॅलरीत खुर्ची टाकून ती खालच्या रस्त्याकडं बघत बसायची आणि पावसाळ्यात नदीला किती पाणी आलं ते विचारायची. पण उन्हाळा लागला की तिच्या अंगात वारं शिरायचं. काम ऱ्हायलंय, असं म्हणून ती पिशवी भरायची. बेटवाडीला जाऊन शेवया करायची, सांडगे घालायची, केरबाच्या सोप्यात आपल्या कपाटापुढं अंथरूण टाकून झोपायची. दर वेळी निघताना केरबा विचारायचा, नेऊया का कपाट? आणि दर वेळी ती म्हणायची, ऱ्हाऊ दे, आत्ता ऊन लई हाय.

मग एका थंडीत ती गेली. आजारी पडली नाही, कुणाला उठवलं नाही. सकाळी चहा द्यायला बायको गेली आणि मला हाक मारायला परत आली. मी केरबाला फोन केला. काय बोललो ते आठवत नाही. गणपतराव आले, त्यांनी कोणती गाडी, किती माणसं लागतील, जिना अरुंद आहे, असं समजावायला सुरुवात केली. त्यांचं चुकत नव्हतं. 

दुपारच्या आत बेटवाडीची माणसं जिन्यावर होती. कुणी काही विचारलं नाही. आमच्यात माणसाला बसवून नेतात. त्यांनी अक्काला खुर्चीत बसवून, वळणावर एकदाही भिंतीला न लावता खाली आणलं. मोरी अजून मंजूरच होती, म्हणून बेटवाडीला न्यायला शेवटी बंधाराच. पलीकडच्या टोकाला जोतीराम मोटारसायकल बंद करून, डोक्यावरची टोपी काढून उभा होता. मधे मी पुढं होऊन खांदा दिला. या खेपेला मला कुणी सांगावं लागलं नाही.

माती दिल्यावर आम्ही केरबाच्या सोप्यात बसलो. समोर कपाट होतं. आरशात सगळे दिसत होते, मीही होतो. धोंडुबाई भिंतीला टेकून बसली होती.  मग केरबानं घसा साफ केला. त्याला ते विचारणं जड जात होतं हे मला दिसत होतं, पण त्यानं विचारलं.

"पावणं, कपाट न्यायचं का आता? माणसं हायती."

माणसं खरंच होती. टेंपोही मिळाला असता. मी कपाटाकडं बघितलं, आणि अक्कानं एकदा पाडव्याला विचारलेला प्रश्न आता माझा झाला होता.

"राहू दे," मी म्हटलं.

केरबानं मान हलवली. सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग उन्हाळ्यात येताय?"

"यायलाच पाहिजे की," मी म्हटलं. "काम राहिलंय."